मदुराईचा नियम, डहाणूची आघाडी

लोकल धरून विरारच्याही पुढे गेलं की डहाणू लागतं. १९४५च्या वारली उठावाचा हा मुलूख. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी इथे वेठबिगारीविरुद्ध आदिवासींना उभं केलं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले २०१९ आणि २०२४मध्ये इथूनच आमदार झाले.

याच पक्षाचे सरचिटणीस सीताराम येचुरी यांच्या निधनानंतर, एप्रिल २०२५मध्ये मदुराईच्या अधिवेशनात एम. ए. बेबी सरचिटणीस झाले. पंचाहत्तरीच्या नियमाने प्रकाश करात, वृंदा करात, माणिक सरकार पॉलिटब्यूरोतून बाहेर पडले. तेव्हा केरळची सत्ता सांभाळणाऱ्या पिनराई विजयन यांना मात्र सवलत मिळाली. केंद्रीय समितीच्या अधिकृत यादीविरुद्ध नाशिकचे कामगार नेते डी. एल. कराड उभे राहिले. ३१ मतं मिळाली, हरले. एकमताची सवय असलेल्या पक्षात हे मतदान झालं, हेच मला मोलाचं वाटतं.

खरा पेच मात्र डहाणूत दिसतो. २०२४ची जागा महाविकास आघाडीतून आली, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेसोबत. १९७०मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून शिवसैनिकांनी केला होता. तरीही भाजपला रोखायला ही आघाडी हवीच. पण जुन्या कार्यकर्त्यांना ती का, हे नेतृत्वाने तोंडावर सांगायला हवं.