राजवाडा नाही, राजवाडे

सकाळी साडेसहा. देवपुरातून निघून धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावची एसटी धरतो. मी मोडी शिकवतो, लोकांचे जुने कागद वाचून देतो. आज जळगावच्या एका शाळेची सातवीची मुलं पारोळ्याला भेटणार आणि त्यांच्याच गाडीतून आम्ही धुळ्याला परतणार.

आठ. पारोळ्याचा किल्ला डोंगरावर नाही, ऐन गावात आहे. हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ मध्ये बांधला. पारोळं तेव्हा जेमतेम पन्नास घरांची वस्ती. तिचं त्यांनी तटबंदीचं गाव केलं. झाशीचे सुभेदार झालेले नेवाळकर त्यांच्याच भाऊबंदांतले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली, किल्ला मोडला. मुलं बुरुजाकडे धावतात. एक मुलगी मात्र पडक्या भिंतीपाशी थांबते. "सर, इथलं सामान कुठं गेलं?"

उत्तर मी गाडीत देतो, साडेदहाच्या सुमारास. हा किल्ला बांधून दहा वर्षं झाली होती, तेव्हा इटलीत फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातली शेवटची बाई, आना मारिया लुईझा, हिने १७३७ मध्ये एक करार केला. घराण्याची चित्रं, पुतळे, पुस्तकं, जवाहीर, सगळं नव्या राजवटीला दिलं. अट एकच, यातलं काही गावाबाहेर जाता कामा नये. म्हणून त्यांच्या पित्ती वाड्यात आजही त्यांचा संग्रह बघता येतो. पारोळ्यासाठी असं कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या खानदेशात तर पडक्या गढीची माती धाब्यावर टाकायला नेतात. गेल्या वर्षी एका गढीतला कागदांचा पेटारा रद्दीत गेला. मी दोन दिवस उशिरा पोचलो. ते दोन दिवस अजून मनातून जात नाहीत.

बारा. शेवभाजी, भाकरी, कांदा. मुलांना पाणी पुरत नाही, ऊन तसंच आहे.

एक. राजवाडे संशोधन मंडळ. "इथं राजवाडा होता का?" हे दर सहलीत कुणीतरी विचारतंच. नव्हता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. गावोगाव दारं ठोठावून, माळ्यावरची दप्तरं मागून या माणसाने 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली. पहिला खंड १८९८ चा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. घराण्यांनी जे राखलं नाही, ते एका फिरत्या माणसाने राखलं. इथल्या जुन्या मूर्तींपुढे मुलं गप्प होतात. मी गप्पच राहतो. तिथे माझं बोलणं नको.

अडीच. माझ्या पिशवीतला एक कागद काढतो, एका शेतकरी कुटुंबाने वाचायला दिलेला. घड्यांवर विरलेला, कडेला कसरीने खाल्लेला. तिरका धरला की अक्षरांवर बारीक कण चमकतात: शाई सुकायला टाकलेली वाळू. मुलगी नाक कागदाला टेकवते. "हाई काय शे, सर?" तारीख आहे. सीत सबैन मया अलफ. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अकराशे शहात्तर. इसवी सन काढायला त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवायचे. ती बोटांवर, मग वहीत करते: १७७५. पुन्हा करून बघते. तेवढंच येतं.

साडेचार. गाडी जळगावला निघते.

सात. घरी ओट्यावर एक आजी बसलेल्या, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यांना जमिनीचा एकच कागद वाचून हवा आहे. बाकीचे "काही कामाचे नाहीत, बाबा". मी विनंती करतो: आजी, सगळे ठेवून जा, दोन महिन्यांत यादी करून परत देतो. त्या बराच वेळ डब्याकडे बघतात. मग झाकण माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, आधी मोजून घे.

एकशे बारा निघाले. नवाच्या आत पहिले चार वाचून झाले.