लहान मुलांसोबत कारचा प्रवास : बाळाला मांडी नको, स्वतःची सीट हवी

ईदच्या दुसऱ्या दिवशी कोंढव्यातून, कॅम्पातून कितीतरी गाड्या बाहेर पडतात. कुणी ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्याकडे गावी जातं, तर कुणी एक्सप्रेस-वेने मुंबईला. अब्बू गाडी चालवतात, शेजारी चाचा बसतात. मागे अम्मी, मोठी मुलगी आणि दादी. सगळ्यात लहान बाळ दादीच्या मांडीवर. मांडीसारखी सुरक्षित जागा दुसरी नाही, असं घरातल्या सगळ्यांनाच वाटतं. पण गाडीत हे खरं नाही.

थोडा हिशेब करून बघू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगात गाडी आदळली, तर बसणारा धक्का साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला २०० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. एवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. मोठ्या माणसाने पट्टा लावलेला नसेल, तर त्याचं वजनही बाळावर येतं. दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तर बाळ मधे चिरडतं. म्हणून तेही करू नका.

‘मागे बसलं की काही होत नाही’ हाही गैरसमजच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही दगावले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट न लावता गाडी चालवली, तर १,००० रुपये दंड आहे.

कोणत्या वयाला कोणती सीट?

जन्मापासून साधारण १३ किलोपर्यंत मागे तोंड करून बसवायची सीट घ्या. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते. तोंड मागे असलं की धक्का पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. ही सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच ठेवू नका. एअरबॅग उघडली तर बाळाच्या जिवावर बेतेल.

त्यानंतर साधारण १८ किलोपर्यंत पुढे तोंड असलेली, स्वतःचे पट्टे असलेली सीट. मग बूस्टर. मुलाची उंची १३५ सेंटीमीटरच्या आसपास होईपर्यंत गाडीचा पट्टा त्याच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. बूस्टरमुळे तो खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर नीट बसतो.

सीट घेताना नारिंगी लेबलवर गोलात ‘ई’ अक्षर आहे का, ते बघा. अपघातातून गेलेली जुनी सीट फुकट मिळाली तरी घेऊ नका. थंडीत बाळाला दुपट्यात गुंडाळून पट्टा लावला, तर तो सैल राहतो. आधी पट्टा लावा, दुपटं वरून पांघरा. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक बोट जाईल, इतकाच तो ढिला ठेवा.

वाटेत काय सांभाळायचं?

बाळाला दूध पाजायचं असेल, तर गाडी थांबवा. चालत्या गाडीत सीटमधून काढू नका. निदान दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा, मोकळं होऊ द्या. घाटात मळमळणाऱ्या मुलाला निघण्याआधी हलकंच खायला द्या, मोबाईल देऊ नका, बाहेर लांब बघायला सांगा. आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा मुलाला बंद गाडीत एकटं ठेवू नका. उन्हात गाडी दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते.

‘सीटमध्ये बाळ रडतं’ ही बहुतेक घरांची अडचण. निघण्याच्या आठवडाभर आधी सीट घरात ठेवा, थोडा थोडा वेळ त्यात खेळवा. दादीला बाळाच्या शेजारी बसवा, तिचं बोट बाळाच्या मुठीत राहू द्या. जवळीक कमी होत नाही, धोका मात्र खूप कमी होतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या मते, योग्य सीटमुळे एक वर्षाखालच्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी घटतो.

आणि हे फक्त लांबच्या सफरीपुरतं नाही. कोंढव्याहून कॅम्पात डॉक्टरकडे जातानाही वेग ५० होतोच. आपण सफरची दुआ पढून निघतो. त्याआधी एकदा मागे वळून बघा : सगळ्यांचे पट्टे लागले आहेत ना?