क्रोशाची पहिली सुई घेताना नंबर नको, मिलिमीटर विचारा

थंडी जवळ आली की उज्जैनच्या बाजारात बाळकृष्णाचे लोकरीचे कपडे दिसू लागतात. इकडे त्याला लड्डू गोपाल म्हणतात. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरला गेली, पण बायजाबाईंनी बांधलेलं गोपाळ मंदिर इथेच आहे, आणि मराठी घरंही आहेत. देवघरातल्या बाळकृष्णाला घरीच टोपी-झबलं विणावं, असं कुणाला वाटलं तर क्रोशे शिकायला याहून सोपी सुरुवात नाही. काम छोटं, दोन संध्याकाळी पुरतात. अडतं ते सुईपाशी.

पहिली अडचण भाषेची. उज्जैनच्या दुकानात ‘लोकर’ मागितली तर दुकानदार बघत राहील; तिथे ती ‘ऊन’. (आपल्याकडे ऊन अंगणात पडतं.) नुसती ‘सुई’ म्हटलं तर शिवणाची मिळेल, ‘सलाई’ म्हटलं तर स्वेटर विणायची. म्हणून ‘क्रोशिया’ मागायचा. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना दुकानात असं दुभाषेपण करायची सवय आहेच.

खरा घोळ मात्र नंबरांचा. ‘८ नंबर द्या’ म्हटलं तर तीन वेगळ्या सुया पुढे येऊ शकतात. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन मापात लोकरीची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आणि दोऱ्याच्या बारीक स्टीलच्या सुयांमध्ये अमेरिकन ८ नंबर जेमतेम दीड मिलिमीटरची! त्यात ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन लोकरीच्या मापात जाड होते. आईच्या डब्यातली सुई एका पद्धतीची आणि मोबाइलवरचा नमुना दुसऱ्या पद्धतीचा, असं झालं की झबलं एकतर बाहुलीला होतं नाहीतर उशीला. म्हणून मिलिमीटरच विचारा. बहुतेक सुयांच्या दांड्यावर ते कोरलेलं असतं. लोकरीच्या गुंडीवरच्या कागदावरही पुष्कळदा सुईचं चित्र आणि त्याखाली आकडा असतो.

अगदी नवशिक्यांनी ४ मिलिमीटरची सुई आणि तिला साजेशी मध्यम जाडीची, फिक्या रंगाची गुळगुळीत लोकर घ्यावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत, मग उसवताना रडू येतं. लहान मूर्तीसाठी बारीक बेबी लोकर घेतली तर अडीच ते तीन मिलिमीटर पुरे. आजीच्या हातचे ताटावरचे रुमाल आणि तोरणं पाहून थेट २० नंबरच्या दोऱ्यावर उडी मारू नका. त्याला एक-दीड मिलिमीटरची सुई लागते, आणि आमच्या मते ते दुसऱ्या वर्षाचं काम आहे. बारा-चौदा सुयांचा संच तर मुळीच नको. त्यातल्या दोनच वापरात येतात, बाकीच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

दुकानात सुईचा आकडा बोटावर आणि ओढणीच्या टोकावर हलकेच फिरवून बघा. कुठे खरखरली, धागा ओढला गेला तर ठेवून द्या. अ‍ॅल्युमिनियमची सुई हलकी असते, टाका पटकन सरकतो. प्लास्टिकची स्वस्त, पण घट्ट हाताच्या माणसाकडून वाकते. हात दुखत असेल तर रबरी मुठीची बघावी.

घरी आल्यावर वीस साखळ्या घालून चार-पाच ओळी मुके खांब विणा. तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक झाला, सुई टाक्यात शिरेना, तर अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्या. नवशिक्यांचा हात बहुधा घट्टच असतो. उलट टाक्यांतून पलीकडचं दिसत असेल तर अर्ध्याने बारीक. देवाच्या झबल्यात जाळी पडली तरी बिघडत नाही, पण बाळंतविड्याच्या मोज्यांत बाळाची बोटं अडकतात. तिथे हा तुकडा विणल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि मूर्तीचं माप दुकानातल्या नंबरावर सोडू नका. गळा, छाती आणि उंची दोऱ्याने मोजून त्याला गाठी मारा नि तो दोरा सुईबरोबरच ठेवा. टोपीसाठी मुकुटासकट मोजायचं.