चिठ्ठीच्या पाठीवरची सही

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन पतव्यवस्थेवर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बँका असाव्यात. परंतु कागदपत्रे चाळता चाळता माझे चित्त खिळले ते वचनचिठ्ठीच्या पाठीवर आप्ताने केलेल्या सहीवर. रोकड दुर्मिळ आणि पत पारखण्याचे साधन बव्हंशी घराण्याचे नाव, अशा त्या काळी ऋणको दर्शनी बाजूस रक्कम व मुदत लिहून देई, भाऊ, मेहुणा वा व्याही पाठीवर जामीन म्हणून सही करी, आणि बँक व्याज आधीच कापून बाकी रक्कम हाती ठेवी; मुदत भरली की बहुधा जुन्या चिठ्ठीच्या जागी नवी लिहिली जाई व सहीची याचना पुन्हा होई. सही करणाऱ्याच्या गाठीचा एक डॉलरही त्या क्षणी सुटत नसे, आणि नेमक्या ह्याच कारणाने नकार देणे अशिष्ट ठरे.

थॉमस जेफरसन ह्यांनाही नकार देववला नाही. सासऱ्यांच्या मृत्यूनंतर वारशाबरोबर आलेले कर्ज आयुष्यभर वाहणाऱ्या ह्या गृहस्थाने १८१८ साली, पंचाहत्तरीत, नातवाचे सासरे विल्सन केरी निकोलस ह्यांच्या प्रत्येकी १०,००० डॉलरांच्या दोन चिठ्ठ्यांवर सही केली. निकोलस म्हणजे व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर. मग शंका कशाची यावी? १८१९ च्या मंदीत निकोलस बुडाले, १८२० मध्ये वारले, आणि वर्षाला १,२०० डॉलरांचे व्याज जेफरसनच्या माथी आले. तरीही निकोलसांचे दफन माँटिचेलो ह्या जेफरसनच्या मळ्यावरील कौटुंबिक दफनभूमीतच झाले. ह्या सौजन्याचे मला कौतुक वाटते. परंतु त्याची किंमत कोणी मोजली हे पाहिले की ते कौतुक टिकत नाही.

१८२६ साली जेफरसन वारले तेव्हा देणे लाखाच्या वर होते. पुढील जानेवारीत माँटिचेलोत लिलाव पुकारला गेला आणि फर्निचर, जनावरे ह्यांच्याबरोबर १३० गुलाम विक्रीस निघाले. लोहार जोसेफ फॉसेट ह्याला मृत्युपत्राने मुक्ती दिली होती, तीही वर्षभराने अमलात येणारी. त्याची बायको एडिथ आणि मुले ह्यांचे नाव त्यात नव्हते. ती निरनिराळ्या बोलीदारांकडे गेली. एडिथ व दोन धाकटी लेकरे जेसी स्कॉट ह्या मुक्त मेहुण्याने विकत घेतली, म्हणजे आप्ताने आप्तासाठी पदरचे खर्चणे लिलावाच्या त्या बाजूलाही चालूच होते, फक्त तेथे कोणतीही बँक मध्ये नव्हती. १८३७ साली फॉसेटने तोवर आपल्या मालकीत आलेली बायको व काही मुलेनातवंडे कायदेशीर दस्ताने मुक्त केली. लिलावात अकरा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा पीटर त्यांत नव्हता. तो पुढे सिनसिनाटीत गेलेल्या कुटुंबास मिळाला १८५० च्या सुमारास.