डोंगरातील ओढे (लेखांक सहावा) : वेण्णेचा वरचा प्रवाह

गेल्या लेखांकात आपण पाणलोटाच्या रेषेचा विचार केला. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांचा उगम श्रद्धेने मानला जातो, त्यांपैकी सावित्री पश्चिमेचा कडा उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा या मात्र, तो समुद्र इतका निकट असताना, त्याकडे पाठ करून बंगालच्या उपसागराचा दीर्घ मार्ग पत्करतात. यांतील वेण्णा जोवर केवळ एक डोंगरओढा आहे, तोवरच्या तिच्या प्रवाहाचा आज परिचय करून घ्यावयाचा आहे.

महाबळेश्वरी वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा पावसाळ्याच्या चार महिन्यांत. पूर्वेस चार-पाच कोसांवर असलेल्या पाचगणीच्या वाट्यास त्याचा सुमारे तिसरा हिस्सा येतो. परंतु एवढ्या वृष्टीचे पाणी उतारावरून वाहून गेल्यावरही हा ओढा हिवाळ्यात जिवंत कसा राहतो, हा प्रश्न मला धबधब्याच्या शोभेहून अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून सह्याद्रीचा काळा पाषाण घडला, आणि त्याचा माथा ऊनपावसाने युगानुयुगे कुजून तेथे जांभा दगड तयार झाला. हा जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषून घेतो. ते पाणी खाली झिरपत चिकण मातीच्या थराशी अडते, आणि जेथे तो थर डोंगराच्या कुशीत उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची ठेंगणी राई आणि तिच्या पालापाचोळ्याचे आच्छादन पाण्याचा वेग रोखून त्याला मुरण्यास अवसर देते. म्हणून पठारावरची झाडी तोडून जमीन उघडी टाकणे किंवा ती फरसबंदीखाली दडपणे म्हणजे, कोणाच्याही लक्षात न येता, ओढ्याचे उन्हाळी पाणी मुळाशीच तोडणे होय. पठाराचा बंदोबस्त करताना या गोष्टीचा विचार सर्वांआधी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पठारावरील या पाण्याला १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांध घालविला आणि वेण्णा तलाव निर्माण झाला. तलावाच्या परिसराचे एक नवल भूगोलाच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानी घ्यावे. पौष-माघातील निरभ्र, निर्वात रात्री भोवतालच्या उतारांवरची हवा जमिनीच्या संसर्गाने थंड व जड होऊन या सखल खोऱ्यात उतरते आणि तेथेच तुंबून राहते. त्यामुळे गावात नुसता गारठा असतो, तेव्हा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्याच्या शेतांत दवबिंदू गोठून पांढरे होतात. थोड्याशा उंचीच्या फरकाने हवामान कसे पालटते, याचे याहून सुलभ प्रात्यक्षिक महाराष्ट्रात शोधूनही मिळणे कठीण.

लिंगमळ्यापाशी पठार संपते व ओढा कड्यावरून खाली झेपावतो. लाव्हारसाचे सगळेच थर सारख्या कणखरपणाचे नसतात; कठीण थराखाली पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ थर आला, की तुषारांनी आणि पाझराने तो आधी झिजतो, वरचा थर निराधार लोंबकळत राहून कालांतराने ढासळतो, आणि अशा रीतीने धबधब्याचा कडा फार सावकाश उगमाच्या दिशेने मागे सरकत जातो. खालच्या दरीतील अस्ताव्यस्त शिळा म्हणजे या झिजेचे दप्तरच आहे. दरीच्या उतारांवर कारवी माजलेली असते. ती सात वर्षांनी एकदा सामुदायिक रीत्या फुलते व बी टाकून मरते, मात्र तिच्या मुळांनी तोवर उतारावरची माती धरून ठेवलेली असते.

येथून पुढे ओढ्याचे रूप पालटते. दरी रुंदावते, दोन्ही बाजूंचे लहानमोठे ओहळ येऊन मिळतात, जावळी तालुक्याचे ठाणे असलेले मेढे काठी लागते. तेथून कण्हेरच्या धरणात साठून आणि सुटून हे पाणी माहुलीस कृष्णेत मिसळते. पुढील लेखांकी कोयनेकडे वळू. पूर्वेस निघालेल्या वेण्णेच्या उलट ती डोंगररांगेला समांतर प्रथम दक्षिणेकडे इतकी दूर का जाते, त्याची कारणे पाहू.