काचेच्या तंतूची साक्ष

१९७८ साली कॅनडातील ओटावा येथे केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या प्रकाशतंतूत लेसरचा झोत सोडला असता तंतूच्या गाभ्यात अपवर्तनांकाचे सूक्ष्म, समांतर पट्टे कायमचे उमटले. हे पट्टे एकच विवक्षित तरंगलांबी परत फिरवतात, व तंतू ताणला किंवा तापला की ती सरकते, या गुणधर्मावर पुढे पूल, धरणे व विमाने यांची प्रकृती तपासणारे संवेदक उभे राहिले. सरकण्याचे मान अतिसूक्ष्म: १५५० नॅनोमीटरच्या आसपास, एका अंश सेल्सिअसला सुमारे १० पिकोमीटर. ताणाचे आणि उष्णतेचे सरकणे दिसायला सारखेच असल्यामुळे दुपारच्या उन्हाचा परिणाम वजा केल्याखेरीज पुलावरील भाराचा हिशेब लागत नाही, आणि ही वजाबाकी स्थापत्य, भौतिकी व इलेक्ट्रॉनिक्स या तिन्ही दफ्तरांत डोकावल्याशिवाय साधत नाही. आपल्याकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीचे श्रेयांक घटवून १६० वर आणले, हे इष्टच झाले. परंतु शाखांच्या सरहद्दी (विद्यापीठांना त्या जहागिरीसारख्या प्रिय असतात) शाबूत राहिल्या, तर मोकळा झालेला वेळ असा संवेदक स्वतः चिकटवून, तापवून, ताणून पाहण्यात जाईल, याची हमी कोणते परिपत्रक देणार?