गैरहजर विद्यार्थ्याचे मन कोण मोजणार?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ऐरणीवर आणला आणि न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. या दलानेही ऑनलाइन प्रश्नावलीचा आधार घेतल्यामुळे करोनाकाळातील पाहण्यांची आठवण होणे साहजिक आहे. त्या वेळी प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून गूगल फॉर्म फिरले, टक्केवाऱ्या निघाल्या, शोधनिबंध छापून आले. पण ज्याच्याकडे मोबाइल होता, रेंज होती आणि फॉर्म भरण्याइतके त्राण होते, त्याचीच चिंता त्यांत मोजली गेली. साथीच्या दोनच वर्षे आधीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील जेमतेम 15 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. ज्याला साथीने शिक्षणातून पार उचलून बाहेर फेकले, तो विद्यार्थी त्या पाहण्यांच्या टक्केवारीच्या छेदातही नव्हता.

मोजपट्टीतही एक अडचण आहे. नैराश्य जोखण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-9 प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि सारे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. त्यातल्या एका प्रश्नात वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागते का, असे विचारले आहे. डॉक्टरसमोर बसलेल्या रुग्णासाठी हे साधन उत्तम आहे. पण बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी मुकादमाची उचल फेडायला आईवडिलांबरोबर फडावर गेली असेल, तर तिच्या आयुष्यातली उलथापालथ या दोन आठवड्यांत कशी मावणार? आपल्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच कोणी म्हणते. ‘टेन्शन आलंय’, ‘डोकं धरलंय’, ‘कशातच मन लागत नाही’ अशीच तक्रार कानावर येते.

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात अँड्र्यू कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये विद्यार्थ्यांच्या फोनमधील नोंदींवरून झोप, हालचाल आणि मनःस्थितीचा माग ठेवायला सुरुवात केली. मध्येच साथ आली. त्याच मुलांच्या ‘आधी’च्या नोंदी हाताशी असल्याने ‘नंतर’ला अर्थ आला. आपल्याकडे तसे फोन-अभ्यास फारसे नाहीत, पण दप्तरे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत प्रवेशाची, वसतिगृहाची, ग्रंथालयाची नोंद होतच असते. 2019-20 ला प्रथम वर्षात असलेले किती जण 2021-22 ला तृतीय वर्षात दिसले? त्यांत मुली किती? किती जण वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत लागले? साथीचा सामाजिक परिणाम मोजायची सुरुवात इथून व्हायला हवी.

शिक्षण गरिबीमुळे सुटले, त्याचा मनाशी काय संबंध, असा आक्षेप येईल. पण सुटलेले वर्ष आणि घाईने उरकलेले लग्न मनावर घाव घालतातच. कारण आर्थिक होते म्हणून परिणाम मानसिक उरत नाही, असे होत नाही. मराठवाड्यात दुष्काळ नित्याचाच, मग साथीचा वाटा वेगळा कसा काढणार, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे उत्तरही दप्तरातच मिळू शकते. 2012-13 आणि 2015-16 या दुष्काळी वर्षांतली गळती साथीच्या वर्षांशेजारी मांडली, तर निदान तुलना तरी शक्य होईल. एकदाच भरलेल्या फॉर्मवरून ती करता येणार नाही. हजेरीपटावर नाव असते आणि मुलगा पुण्यात असतो, हेही खरे. म्हणूनच एका नोंदीवर न विसंबता प्रवेश, ग्रंथालय आणि वसतिगृह यांचा ताळमेळ घालायला हवा, आणि तोही नावे झाकून, केवळ आकड्यांत.

प्रश्नावल्या टाकून द्या, असा याचा अर्थ नाही. टाळेबंदीत दुसरा मार्ग नव्हता आणि त्यांनी धोक्याची घंटा वाजवली, हे मान्यच करायला हवे. मात्र समुपदेशक कुठे नेमायचे, फीमाफी कोणाला द्यायची, हे ठरवायला घंटा पुरत नाही. आधी दप्तरातून हरवलेली नावे काढावीत आणि मग प्रश्नावली घेऊन त्यांच्या गावी जावे, त्यांच्याच बोलीत विचारावे. वर्गात उरलेल्यांनाच विचारत राहिलो, तर पुढच्या साथीतही सर्वाधिक सोसणाराच आपल्या आकड्यांतून सुटेल.